कुंपण आणि शेत : देवस्थानच्या जमिनी व विश्वस्तांच्या आर्थिक गैरवर्तनावरील शिस्तीची समीक्षा
(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव या परिसराच्या संदर्भात)

गोषवारा

समूहाच्या मालकीची जमीन काही मोजक्या व्यक्तींच्या हाती कारभारासाठी सोपविली जाते, तेव्हा त्या व्यक्तींनी आर्थिक गैरवर्तन केल्यास त्यांना शिस्त कोणी व कशी लावावी, हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील देवस्थानच्या जमिनी व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील मूलनिवासी भूमी परिषदांचा कायदा विचारात घेतला आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात विश्वस्ताला पदावरून दूर करण्याची तरतूद पुरेशी कठोर आहे. परंतु गैरवर्तन दिसण्याची सोय अपुरी आहे, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : देवस्थान इनाम, विश्वस्त, धर्मादाय आयुक्त, कलम ४१ ड, अधिभार, भूमी परिषद, चावडी वाचन.

१. प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव श्री काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे हे कुलदैवत होय. ही घराणी आज निरनिराळ्या जिल्ह्यांत व शहरांत विखुरलेली असून वर्षातून एकदा, यात्रेच्या अथवा कुलाचाराच्या निमित्ताने, त्यांचे पाय सोनारीला लागतात. सोनारीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी कोणतेही विधान करणे हा या लेखाचा हेतू नाही. मात्र देव एका गावी व त्याचा भक्तगण दहा गावी, अशी जी रचना सोनारीसारख्या ठिकाणी आढळते, तीच देवस्थानच्या संपत्तीवरील देखरेखीचा प्रश्न अवघड करते. म्हणून हे गाव येथे विचाराचा आरंभबिंदू म्हणून घेतले आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात देवळे, मठ व दर्गे यांच्या सेवेसाठी जमिनी इनाम दिल्या जात. त्यांना आजही महसुली भाषेत ‘खिदमतमाश’ असे संबोधले जाते. पूजा, दिवाबत्ती, नगारा, झाडलोट अशा सेवेचा मोबदला त्या जमिनीच्या उत्पन्नातून मिळावा, हा त्यामागील हेतू होता. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ साली आला, तेव्हा धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. खासगी इनामे संपली. देवाची इनामे राहिली. मात्र ती राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांची शिस्त हा विषय पुढील काळातील विश्वस्त कायद्यावर सोपविला गेला.

२. मुका मालक आणि विखुरलेला लाभार्थी

हिंदू विधीशास्त्रात देवता ही ‘विधिजन्य व्यक्ती’ मानली जाते. ती मालमत्ता धारण करू शकते, परंतु स्वतः बोलू शकत नाही, सही करू शकत नाही व तक्रारही करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. देवस्थानच्या जमिनीची मालक देवता असून पुजारी हा केवळ व्यवस्थापक आहे. सबब महसुली अभिलेखात मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याची आवश्यकता नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

याच जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन गावातील माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या वृत्ताकडे कौतुकाने पाहिले गेले. विधीच्या अभ्यासकाला मात्र त्यातील मूळ अडचण दिसावयास हवी. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला हिशेब विचारता येत नसेल, तर मालकी व ताबा या दोन गोष्टींमध्ये फार मोठी पोकळी राहते. ती पोकळी कारभाऱ्याच्या सचोटीनेच भरून निघते. सचोटी ढळली की ती भरून काढणारे दुसरे काही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कोचीन देवस्वम मंडळाच्या प्रकरणात देवस्थानच्या मालमत्तेचे रक्षकच तिचे भक्षक होतात, या अनुभवाची नोंद घेतली व कुंपणाने शेत खाण्याच्या अशा प्रकारांकडे कठोरपणे पाहिले पाहिजे असे बजावले. मराठी माणसाला ही म्हण नवी नाही. परंतु म्हणीत एक गोष्ट गृहीत असते, ती अशी की शेताला धनी आहे आणि कुंपणाने शेत खाल्लेले त्याला दिसते. देवस्थानच्या बाबतीत नेमके हेच गृहीत धरता येत नाही.

३. कायद्यातील तीन वाटा

१९५० चा अधिनियम पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जात असे. २०१२ मध्ये त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. आर्थिक गैरवर्तनाच्या संदर्भात त्यातून व फौजदारी कायद्यातून तीन स्वतंत्र वाटा निघतात.

पहिली वाट नुकसानभरपाईची आहे. कलम ३३ व ३४ नुसार हिशेबांचे लेखापरीक्षण होते. बेकायदेशीर अथवा अनुचित खर्च, येणे रकमेची वसुली न होणे, पैशाचा अपव्यय इत्यादी बाबी लेखापरीक्षकाने नमूद कराव्या लागतात. त्यावर कलम ३८ अन्वये स्पष्टीकरण मागविले जाते व कलम ३९ अन्वये अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. कलम ४० नुसार नुकसान किती झाले, ते न्यासभंगामुळे अथवा गैरवर्तनामुळे झाले काय, त्यास कोण जबाबदार आहे व त्याने किती रक्कम द्यावी, हे ठरविले जाते. त्यानंतर कलम ४१ अन्वये त्या व्यक्तीवर अधिभाराचा आदेश काढता येतो.

दुसरी वाट पदाची आहे. कलम ४१ ड नुसार धर्मादाय आयुक्तांना विश्वस्ताला निलंबित करणे, दूर करणे वा बडतर्फ करणे शक्य आहे. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर, कायदेशीर आदेशांची हेतुपुरस्सर अवज्ञा, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, न्यासभंग, मालमत्तेचा अपहार अथवा अनुचित विनियोग, पदाशी विसंगत हितसंबंध आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषसिद्धी ही त्याची कारणे होत. दोषारोप निश्चित करणे, पुरावा तपासण्याची व स्वतःचा पुरावा देण्याची संधी देणे आणि सकारण निर्णय देणे बंधनकारक आहे. दुखावलेल्या विश्वस्ताला ९० दिवसांत न्यायालयात दाद मागता येते.

तिसरी वाट फौजदारी आहे. भारतीय दंड संहितेतील कलम ४०६ व तत्सम कलमे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ यांखाली फौजदारी विश्वासघाताचा खटला चालू शकतो.

या तिन्ही वाटांची उद्दिष्टे भिन्न आहेत. पहिलीचा रोख देवाचा पैसा परत मिळविण्याकडे, दुसरीचा अयोग्य माणूस बाजूला करण्याकडे व तिसरीचा गुन्ह्याला शिक्षा देण्याकडे आहे. सार्वजनिक चर्चेत मात्र या तिन्हींची सरमिसळ होते. विश्वस्त पदावरून गेला की न्याय झाला असे मानले जाते व गेलेला पैसा गेलेलाच राहतो. समूहाच्या दृष्टीने पहिली वाट सर्वांत महत्त्वाची असूनही चर्चेत तिचा उल्लेख सर्वांत शेवटी होतो. शिस्तीविषयीच्या प्रचलित समजुतीतील हा पहिला दोष होय.

४. न्यू साउथ वेल्समधील भूमी परिषदा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८३ साली मूलनिवासींच्या भूमी हक्कांचा कायदा केला. त्याअन्वये स्थानिक भूमी परिषदा अस्तित्वात आल्या; त्यांची संख्या सुमारे १२० असून त्यांच्यावर एक राज्यस्तरीय परिषद आहे. हिरावल्या गेलेल्या भूमीची काही अंशी भरपाई म्हणून जमिनी या परिषदांच्या नावे होतात व कारभार सभासदांनी निवडलेले मंडळ पाहते. देवस्थान व भूमी परिषद यांच्यात श्रद्धेचे साम्य नाही, रचनेचे आहे. दोन्ही ठिकाणी जमीन समूहाची, सही मोजक्यांची व मोह तोच आहे.

त्या कायद्यातील तीन बाबी लक्षणीय वाटतात. पहिली, शिस्तीची चढती पायरी. मंडळाच्या सदस्यांनी आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावयाचे असतात, आचारसंहिता आहे, गैरवर्तनाची चौकशी निबंधक करतो. समज, ताकीद, अल्पकालीन निलंबन आणि गंभीर प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठविणे, असे टप्पे आहेत. आपल्या कलम ४१ ड मध्ये निलंबन, दूर करणे व बडतर्फी हे तीन शब्द असले तरी चौकशीअंती किरकोळ कसुरीसाठी सौम्य व नोंदविली जाणारी शिक्षा त्यात नाही. परिणामी छोट्या चुकीसाठी एकतर मोठी कारवाई करावी लागते किंवा काहीच करता येत नाही.

दुसरी बाब जमीन विक्रीची आहे. तेथे स्थानिक परिषदेची जमीन विकावयाची असल्यास सभासदांच्या सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान ८० टक्के सभासदांची संमती व त्यावर राज्य परिषदेची मान्यता लागते. महाराष्ट्रात कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भक्तांना हरकत घेता येते. मत देता येत नाही. कलम २ (१०) मध्ये ‘हितसंबंधी व्यक्ती’ची व्याख्या करताना मंदिरातील पूजेला उपस्थित राहण्याचा हक्क असणाऱ्या अथवा नित्य उपस्थित राहणाऱ्या व्यक्तीचा समावेश केला आहे. म्हणजे दूरच्या शहरातून वर्षातून एकदा कुलाचारासाठी येणाऱ्या कुटुंबालाही कायद्याच्या दारात उभे राहता येते. त्याला दार आहे, पण दाराशी केव्हा यावे हे कळविणारे कोणी नाही.

तिसरी बाब इशारा देणारी आहे. तेथे परिषदेचे हिशेब समाधानकारक नसल्यास तिला राज्य परिषदेकडून मिळणारा निधी थांबविला जातो व परिस्थिती बिघडल्यास प्रशासक नेमला जातो. निधी थांबला की शिक्षा अपहार करणाऱ्याला होत नाही. ज्यांच्या घरांची डागडुजी त्या पैशातून व्हावयाची असते त्यांना होते. शिस्त व्यक्तीला लागावी, संस्थेला नव्हे, हे तत्त्व तेथेही पूर्णतः साधलेले नाही. म्हणून त्या कायद्याकडे आदर्श म्हणून न पाहता आरसा म्हणून पाहणे उचित ठरेल.

५. जुळणारा हिशेब

मराठवाड्यातील शेतजमिनीच्या संदर्भात कलम ३६ मधील एक तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. विक्री, अदलाबदल व देणगी यांस पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्याच्या बाबतीत मात्र शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक मुदतीने व बिगरशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीने द्यावयाची असेल तरच परवानगीची अट आहे. दैनंदिन कारभार अडू नये यासाठी ही सवलत रास्त आहे. परंतु आर्थिक गैरवर्तनाची सर्वांत सोपी जागाही तीच आहे.

एखाद्या देवस्थानची २० एकर बागायती जमीन विश्वस्ताच्या आप्ताला मक्त्याने दिली व मक्ता आसपासच्या दराच्या पाचव्या हिश्शाने ठरविला, असे समजू. मक्ता वेळेवर भरला जातो, पावती फाडली जाते, बँकेत रक्कम जमा होते. मुदत संपण्यापूर्वी नवा करार होतो. लेखापरीक्षकाला यात काहीच आक्षेपार्ह आढळत नाही. कारण ‘येणे रक्कम वसूल झाली काय’ हा त्याच्यापुढील प्रश्न आहे, ‘येणे रक्कम एवढीच का’ हा नाही. आलेला पैसा खाल्ला तर हिशेबात भोक पडते. येणारा पैसाच येऊ दिला नाही तर हिशेब तंतोतंत जुळतो.

शिवाय लेखापरीक्षकाची निवड विश्वस्तच करतात. ज्याची तपासणी व्हावयाची त्यानेच तपासनीस निवडावा, ही रचना खासगी संस्थेत एक वेळ खपून जाईल, कारण तेथे भागधारक जागे असतात. मालक मुका असलेल्या संस्थेत ती धोक्याची ठरते. कलम ४१ ड मधील ‘मालमत्तेचा अनुचित विनियोग’ या शब्दप्रयोगात कमी दराच्या मक्त्याचा समावेश करता येईल व कलम ४० मधील ‘नुकसान’ या संज्ञेत बुडालेले संभाव्य उत्पन्नही बसविता येईल. परंतु त्यासाठी कोणीतरी आसपासचा दर व देवस्थानचा दर शेजारी मांडून दाखविला पाहिजे. तो दर गावातील प्रत्येक बटईदाराला ठाऊक असतो. फायलीत मात्र तो कोठेही नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली आंध्र प्रदेशातील चेंचू रामी रेड्डी यांच्या प्रकरणात देवस्थानची जमीन खासगी वाटाघाटीने न विकता जाहीर लिलावाने विकावी, असे तत्त्व सांगितले. विक्रीला लागू असलेला हा विवेक अल्पमुदतीच्या मक्त्यालाही लागू व्हावयास हवा. वर्षानुवर्षे नूतनीकरण होणारा स्वस्त मक्ता हा परिणामतः विक्रीइतकाच घातक असतो.

वक्फच्या जमिनींची स्थितीही निराळी नाही. वक्फ अधिनियम, १९९५ च्या कलम ६४ मध्ये मुतवल्लीला पदावरून दूर करण्याची तरतूद आहे व तिचा साचा पुष्कळ अंशी असाच आहे. यावरून हा प्रश्न कोणत्या एका धर्माचा नसून मुक्या मालकाच्या संपत्तीचा आहे, हे स्पष्ट होते.

६. तक्रारदार कोण?

कलम ४१ ड खाली आयुक्त स्वतःहूनही कारवाई करू शकतात. तथापि, राज्यभरातील असंख्य न्यासांचा व्याप पाहता प्रक्रिया बहुधा अर्जावरच अवलंबून राहणार हे उघड आहे. मग अर्ज कोण करणार? दूरचा भक्त दर्शन घेऊन परत जातो. बटईदाराला पुढल्या वर्षी जमीन हवी असते. पुजाऱ्याचे पोट त्याच विश्वस्तांवर असते. उरतो तो प्रतिस्पर्धी गट. त्यामुळे तक्रार खरी असली तरी ती गटबाजीचा वास घेऊन येते व विश्वस्तही ‘हे राजकारण आहे’ असे सांगून सहानुभूती मिळवितो. गावकीत मग प्रश्न ‘पैसा कोठे गेला’ हा न राहता ‘तू कोणाचा’ हा होतो.

येथे विश्वस्तांची बाजूही लक्षात घेणे न्याय्य ठरेल. ग्रामीण देवस्थानातील अनेक विश्वस्त विनामोबदला काम करतात. बदल अर्ज, ताळेबंद, अंदाजपत्रक यांची परिभाषा त्यांना अपरिचित असते. हिशेब न देणारा प्रत्येकजण चोर नसतो. अज्ञान व अपहार यांत भेद करणारी शिस्तच न्याय्य म्हणता येईल आणि त्यासाठीच पायरीपायरीच्या शिक्षेची आवश्यकता आहे.

७. प्रशासक हा उपाय आहे काय?

गैरव्यवहार उघड झाला की ‘देवस्थान सरकारने ताब्यात घ्यावे’ ही मागणी पुढे येते. याच जिल्ह्यातील तुळजापूरचे उदाहरण या मागणीचा पुनर्विचार करावयास लावते. श्री तुळजाभवानी देवस्थानच्या कारभारात जिल्हाधिकारी व अन्य शासकीय अधिकारी प्रारंभापासून पदसिद्ध आहेत. तरीही सिंहासन दानपेटीच्या लिलावात १९९१ ते २००९ या काळात आठ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा आरोप झाला. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाची चौकशी झाली. पुढे ती बंद करण्याचा निर्णय शासनाने घेतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२४ मध्ये तो निर्णय रद्द ठरवून गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. आरोप सिद्ध होणे हा पुढील भाग आहे. परंतु आरोपित काळाच्या आरंभापासून या आदेशापर्यंत ३३ वर्षे लोटली, एवढी गोष्ट शिस्तीच्या अभ्यासकाला पुरेशी बोलकी आहे. अधिकारी बसविल्याने डोळे बसतातच असे नाही.

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातही याचे एक टोक दिसते. मूलनिवासी व टोरेस सामुद्रधुनी बेटवासीयांचा निवडून आलेला राष्ट्रीय आयोग १९९० मध्ये स्थापन झाला व २००५ मध्ये मोडीत काढला गेला. नेतृत्वावरील आरोप हे त्यामागील एक कारण होते. काही व्यक्तींच्या वर्तनाचा प्रश्न अशा रीतीने संपूर्ण समूहाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न बनला. दोषी व्यक्ती शोधण्यापेक्षा संस्था मोडणे शासनाला सोपे जाते. समूहाला मात्र ते परवडणारे नसते.

८. मुदत आणि माहिती

मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १० नुसार न्यासाची मालमत्ता ज्याच्या हाती विशिष्ट हेतूसाठी आली आहे त्याच्याविरुद्धचा दावा कितीही काळ लोटला तरी मुदतबाह्य होत नाही. धार्मिक देणगीच्या मालमत्तेलाही हे लागू आहे. पण याच कलमात किंमत देऊन मालमत्ता घेणाऱ्या त्रयस्थाचा अपवाद आहे. व्यवस्थापकाने मोबदला घेऊन केलेले असे हस्तांतरण रद्द करून घेण्यासाठी अनुच्छेद ९४ नुसार १२ वर्षांची मुदत असून ती वादीला हस्तांतरणाची माहिती झाल्यापासून मोजली जाते. सारांश, विश्वस्ताचा पाठलाग कायदा अखेरपर्यंत करू देतो. जमिनीचा पाठलाग मात्र माहितीच्या घड्याळाला बांधलेला आहे. अधिनियमात २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर परवानगीची वाटही ठेवली आहे. त्यामुळे व्यवहार होण्यापूर्वी तो भक्तांना कळणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत यासाठी एक परिचित साधन आहे. गावाच्या चावडीवर सातबारा व आठ-अ यांचे जाहीर वाचन करण्याची, म्हणजे चावडी वाचनाची, पद्धत येथे रुजलेली आहे. नोंद मोठ्याने वाचली की खोटी नोंद टिकणे अवघड होते. हीच पद्धत देवस्थानला लागू करता येईल. यात्रेच्या काळात, जेव्हा गावकरी व परगावचे भक्त एकत्र असतात तेव्हा, देवस्थानच्या प्रत्येक गटाचा क्रमांक, क्षेत्र, कसणाऱ्याचे नाव, मक्ता, मुदत व विश्वस्तांशी त्याचे नाते यांचे जाहीर वाचन व्हावे आणि तोच तक्ता वर्षभर सभामंडपात लावलेला असावा. यासाठी फार मोठ्या खर्चाची अथवा नव्या यंत्रणेची गरज नाही.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) विश्वस्ताला दूर करणे व देवस्थानचे नुकसान भरून काढणे या भिन्न गोष्टी असून कलम ४१ ड च्या प्रत्येक प्रकरणात कलम ४० व ४१ ची प्रक्रिया सोबतच चालविली जावी. (२) चौकशीअंती समज व ताकीद यांसारख्या सौम्य, परंतु नोंदविल्या जाणाऱ्या शिक्षांची तरतूद व्हावी. (३) १० वर्षांपर्यंतचे शेतजमिनीचे मक्तेही जाहीर लिलावाने दिले जावेत व लेखापरीक्षणात परिसरातील दराशी तुलना अनिवार्य असावी. (४) लेखापरीक्षकाची निवड विश्वस्तांकडे न ठेवता धर्मादाय कार्यालयाच्या नामिकेतून व्हावी. (५) विक्रीपूर्वी हितसंबंधी भक्तांची सभा घेणे बंधनकारक असावे.

दूर केलेल्या विश्वस्ताच्या जागी येणारा दुसरा विश्वस्तही अखेर माणूसच असतो. म्हणून शिस्तीचे यश किती विश्वस्त बडतर्फ झाले यावरून मोजता येणार नाही. चैत्राच्या यात्रेला सोनारीला आलेल्या एखाद्या कुटुंबाने ‘देवाची जमीन कोण कसतो व त्याचे देवाला काय मिळते’ असे विचारले आणि कोणाचीही भीड न बाळगता त्याला तेथेच उत्तर मिळाले, तर शिस्त लागली असे समजावे.